ट्रॅम्पसची डबल बेल

राजाराम मोहिते म्हणजे सातारा डेपोचा ड्रायव्हर. अमेरिकेत जाऊन तो काही बदलला असेल असं वाटत असेल, तर ते डोक्यातून काढून टाका. सांता फेला थोरली बहीण मालिनी नर्स होती. तिनं कागदपत्रं करून बोलावून घेतलं आणि हा गडी वयाच्या बावन्नाव्या वर्षी तिथल्या एका टूर कंपनीची वीस सीटची बस चालवायला लागला. काम काय, तर भाविकांना यात्रेच्या वाटेवरची चर्चेस दाखवायची. सकाळी सांता फेचं मोठं कॅथीड्रल, मग चिमायो, तिथून डोंगरात ट्रूचस, शेवटी ट्रॅम्पस आणि त्याच रस्त्यानं परत.

रस्ता बघून तो पहिल्याच दिवशी हरखला. "ताई, अगं हा तर आपला केळघरचा घाट! हिरवळ तेवढी नाही." आता घाट म्हटला की हॉर्न आलाच. हा प्रत्येक वळणावर असा हॉर्न दाबायचा, की मागं लोकांच्या मांडीवर कॉफी सांडायची. एक तक्रार गेली, दुसरी गेली. मालक टोनी माणूस बरा, पण शहाऐंशीच्या उन्हाळ्यात त्यानं स्पष्टच सांगितलं, "राजा, आता एक जरी तक्रार आली, तर किल्ली माझ्या टेबलावर."

"जाऊ दे रे," मालिनीताई म्हणाली, "आमच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत जॉब लावून देते. एसी आहे."

लाँड्री! राजारामचं तोंड कडू झालं. अहो, हातातलं स्टिअरिंग सुटलं तर या माणसात उरतं काय?

खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते त्यानं ताईलाही सांगितलं नव्हतं. साताऱ्यात अठरा वर्षं त्याच्या गाडीवर एकच कंडक्टर, एकनाथ. डेपोत हातापाया पडून दोघं ड्युटी एकत्र लावून घ्यायचे. डबा एक, भांडण रोजचं. एकनाथनं दोर ओढून टण्ण टण्ण अशी डबल बेल दिली, की राजारामनं गिअर टाकायचा. मागं बघायचंच नाही. माणसं चढली का, म्हातारी नीट बसली का, ते एकनाथ बघणार. तो हार्ट अटॅकनं गेला आणि राजारामचं नंतर कुणाशीच पटेना. म्हणून तर बहिणीनं बोलावल्यावर तो निमूट निघाला. इथं कंडक्टरच नाही. दार यानंच लावायचं, डोकी यानंच मोजायची. चार वर्षं तो मोजत होता खरा, पण दर वेळी नऊ-दहापर्यंत गेलं की त्याला कंटाळा यायचा.

त्या दिवशी चौदा प्रवासी होते. ट्रॅम्पसचं मातीचं चर्च बघून माणसं चढत होती. इंजिन चालू, ऊन अंगावर, राजारामची मोजणी आठवर. तेवढ्यात कुणीतरी चर्चची घंटा वाजवून पाहिली.

टण्ण टण्ण.

झालं! हातानं दार लावलं, पायानं क्लच दाबला, गाडी निघाली. आणि काय निघाली म्हणता! चार वर्षांत त्याला एवढं हलकं वाटलं नव्हतं. ट्रूचस येईपर्यंत हा शीळ घालत होता. तिथं मागून एक बाई ओरडली, "मिसेस लुसेरो कुठं आहेत?"

"मेलो!" राजाराम मराठीतच म्हणाला.

गाडी वळवून तो परत पोचला, तेव्हा सत्तरीच्या मिसेस लुसेरो चर्चच्या कट्ट्यावर मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. राजाराम खाली उतरला आणि त्यानं सरळ हात जोडले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "घंटा झाली मॅडम. दोन घंटा. म्हणून मी निघालो."

"घंटा? ती कुणी वाजवली असं वाटलं तुला?"

"एकनाथनं," तो बोलून गेला.

"हा एकनाथ कोण?"

बाई पुढच्या सीटवर बसल्या आणि सांता फेपर्यंत विचारत राहिल्या. तो कसा होता, कशावरून भांडायचा, गेला कधी. मध्येच म्हणाल्या, "चाळीस वर्षं रात्री दाराला कडी माझा नवरा लावायचा. एप्रिलमध्ये तो गेला. मी अजून दार उघडंच टाकून झोपते. लक्षातच राहत नाही." राजारामला इंग्रजी अर्धंच कळलं, पण बाकीचं कळायला इंग्रजी लागत नव्हतं.

कॅथीड्रलसमोर टोनी घड्याळ बघत उभा. तासभर उशीर! एक टाय लावलेला गृहस्थ उतरल्या उतरल्या कडाडला, "या ड्रायव्हरनं एका म्हाताऱ्या बाईला डोंगरात टाकून दिलं!" टोनीनं राजारामकडे पाहिलं आणि हात पुढे केला. राजारामनं गुपचूप किल्ली काढली.

"कुणी टाकलं मला?" मिसेस लुसेरो पायरीवरूनच गरजल्या. "मला माझ्या नवऱ्यासाठी एकटीनं प्रार्थना करायची होती. मीच त्याला सांगितलं, बाबा, तू एक चक्कर मारून ये."

घ्या! दिवसभर चार-चार देवळं करून आलेली बाई, आणि कॅथीड्रलच्या दारात धडधडीत खोटं बोलली! टोनीनं हात मागं घेतला.

सगळे गेले. राजारामनं गाडी बाजूला लावली, दार लावून घेतलं आणि रिकाम्या बसमध्ये ढसाढसा रडला. नोकरी वाचली म्हणून नव्हे. एकनाथ जाऊन पाच वर्षं होत आली होती, आणि तो कसा होता, हे आजवर त्याला कुणी विचारलंच नव्हतं.