फुगीर पोटाची गिटार

"घाई न्हाई दादा, पण नीट बघा," असं म्हणत सिस्टर गिटार मांडीवर घेऊन बसायच्या. माझ्या नगरच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात टेबल रिकामं असलं तरी त्यावर ती ठेवायच्या नाहीत. आधी पदरानं पुसायच्या, मग तान्हं मूल द्यावं तशी माझ्या हातात द्यायच्या.

सगळं आयुष्य पेशंटच्या उशाशी गेलं की माणसाचा आवाज कसा हळू होतो, तुम्हीही पाहिलं असेल. देवळाली प्रवराकडच्या एका दवाखान्यात त्या नर्स होत्या. मिस्टर साखर कारखान्यात सुतार. रविवारी चर्चमध्ये हीच गिटार वाजवायचे.

ती नेहमीची गिटार नव्हती. व्हायोलिनसारखं फुगीर पोट, मधल्या गोल भोकाऐवजी दोन्ही अंगांना वळणदार फटी. आर्चटॉप म्हणतात हिला. आपल्याकडं फार कमी दिसते. बनवणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं.

"आमचे हे म्हणायचे, लग्नाआधी मीच बनवली," सिस्टर म्हणाल्या. "आता ते न्हाईत, तर पुतण्या म्हणतो काका थापा मारायचे. जुनी फॉरेनची हाय, मुंबईत गिऱ्हाईक मिळंल. तुमी खरं काय ते सांगा."

मी वरवर पाहिलं आणि बोलून गेलो, "जर्मन वाटते, सिस्टर."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "म्हंजे जन्मभर मला खोटंच सांगितलं व्हय?"

"ठेवून जा, नीट बघतो," मी म्हणालो. गिटार ठेवून घेतली. निवांतपणे तारा उतरवल्या, फटीतून बारकी बत्ती आणि दातांच्या डॉक्टरकडं असतो तसला आरसा आत घातला.

पाठ सागवानी निघाली. पोट देवदाराच्या अरुंद पट्ट्या जोडून केलेलं, आणि त्या पट्ट्यांत खिळ्यांची जुनी भोकं, लाकडाच्याच बारीक खुंट्या ठोकून बुजवलेली. ही साखर कारखान्यात यंत्रं येतात त्या खोक्यांची फळी. कुठल्या परदेशी कारखान्यानं असली फळी वापरली असती? पटाशीचे घावही उलट्या अंगाला कललेले होते.

सिस्टर आल्यावर विचारलं, "मिस्टर डावखुरे होते का?"

"जेवायचे उजव्यानं. सासूबाईंनी सवय लावल्याली. बाकी सगळं डाव्यानंच."

मी त्यांचं बोट धरून फटीतून आत, पोटाच्या आतल्या बाजूला टेकवलं. तिथं मिस्टरांनी पॉलिश केलं नव्हतं; घाव तसेच होते, खवलेखवले. सिस्टरांनी डोळे मिटले. बोट बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"त्यांचंच हाय," त्या म्हणाल्या. मग गिटार मांडीवर घेत, "शिकवतो म्हणायचे मला. मी म्हणायची, ड्युटी हाय, नंतर बघू."

त्यानंतर त्या अधूनमधून शिकायला येऊ लागल्या. बोटं आखडलेली, तार नीट दाबली जायची नाही. एकच सूर धरायच्या आणि तो पूर्ण विरेपर्यंत ऐकत बसायच्या. पुतण्यानं गिऱ्हाईक आणलं होतं म्हणे. सिस्टरांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

उन्हाळ्यात येणं थांबलं. मग त्यांच्या शेजारणीचा फोन आला. "सिस्टर झोपेतच गेल्या वो," ती म्हणाली.

त्याआधी शेवटचं त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो होतो. कंडक्टर म्हणाला, वाद्य वर टाका. सिस्टरांनी न ऐकल्यासारखं केलं. खिडकीजवळची जागा गिटारला दिली आणि स्वतः कडेला, दांडा धरून बसल्या. गाडी हलली तेव्हा त्या बाहेर बघत नव्हत्या. खिडकीतून येणाऱ्या उन्हाला तळहात आडवा धरून गिटारवर सावली करत होत्या.