कोंडीरामचं मातीचं पाकीट

सांगवीचा कोंडीराम परवा निवृत्त झाला. ते ऐकलं आणि जुन्या वह्यांचं गाठोडं सोडून मी सदुसष्ट सालची रोजनिशीची वही काढली.

तेव्हा आम्ही पिंपरीला कॉलनीत राहत होतो. औषधं शोधणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेसाठी कोंडीराम माती गोळा करायचा. सायकलवर पार राजगुरुनगरपर्यंत जायचा. नदीकाठ, गोठा, उकिरडा, जिथून तिथून चमचाभर माती खाकी पाकिटात भरायची आणि वर गाव, तारीख लिहायची. मातीतली एखादी बुरशी रोगाचे जंतू मारते म्हणे.

"आणि तशी नाही निघाली तर?" मी विचारलं होतं.

"शंभरात नव्याण्णव येळा न्हाईच निघत, वैनी. त्या नव्याण्णवांचा खर्च दिल्लीचं सरकार करतं. कुठला शेठ करंल?"

पण योजना तीनच वर्षांची. दिल्लीनं मुदत वाढवली तरच त्याची नोकरी राहणार होती. घरी बायको सोजरबाई आणि दोन लेकी.

एका सकाळी तो दारात आला. "वैनी, तुमच्या तुळशीची माती हवी."

माझी पूजा नुकतीच झाली होती. तो चमचा घेऊन वृंदावनाकडे वळला, तशी मी घाईनं म्हटलं, "थांब, मीच देते." कोंडीरामच्या घरानं बुद्धाची दीक्षा घेतली होती. त्यांनी जात टाकली होती. मी टाकली नव्हती. त्यानं पाकीट उघडून धरलं, मी चिमटीनं माती घातली.

पंधरा दिवसांनी तो सायकल टाकून धावतच आला. "वैनी, तुमच्या मातीनं जंतू मारले! साहेबांनी दिल्लीला कळवलं बी!" मी तुळशीपुढं साखर ठेवली.

पुढच्या आठवड्यात आली ती सोजरबाई. साहेबांनी उरलेली माती भिंगाखाली पाहिली, तर तिच्यात हळद. जंतू मेले ते हळदीनं. माती स्वतः, तापवलेल्या चमच्यानंच घ्यायची असा नियम होता. कोंडीराम म्हणाला, चूक माझीच. आता त्याला काढणार होते.

"ह्यांच्या हाताला हळद कुठनं लागंल, वैनी?" सोजरबाई म्हणाली. "आमच्यात काय तुळशीला हळद वाहत्यात?"

ती गेल्यावर मी वही उघडली. त्या सकाळच्या पानावर मीच लिहिलं होतं: 'हात हळदीचे असतानाच कोंडीरामला तुळशीची माती दिली. त्याला वृंदावनाला शिवू दिले नाही.'

वही घेऊन मी प्रयोगशाळेत गेले. पहिली ओळ तेवढी वाचून दाखवावी असं मनात होतं. पण साहेबांनी वही हातात घेतली आणि दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या. कोंडीराम शेजारीच उभा होता. मला मान वर करवेना.

"हे मला का सांगितलं नाहीस?" साहेबांनी त्याला विचारलं.

"कसं सांगू, साहेब? बाईमाणसाची चारचौघांत लाज गेली असती."

साहेबांनी झाली ती चूक जशीच्या तशी दिल्लीला लिहिली. मला म्हणाले, "चुकीचा खर्चही संशोधनाचाच असतो, बाई. बघू, सरकारला पटतं का." दोन महिन्यांनी पत्र आलं: मुदत आणखी तीन वर्षं. कोंडीराम राहिला, पुढं कायमही झाला.

त्याच आठवड्यात मी त्याला निरोप पाठवला. तो आला आणि उंबऱ्याशीच थांबला.

"आत ये," मी म्हटलं. "तूच घे."

त्यानं चमचा काडेपेटीनं तापवला, निवू दिला आणि वृंदावनाच्या कडेला डावा हात टेकून माती काढली. मी दोन हात लांब उभी होते, कुठं माझ्या बोटांची हळद पुन्हा लागेल म्हणून!

महिन्याभरानं येता येता सायकलवरूनच ओरडला, "काय बी न्हाई निघालं, वैनी! तुमची तुळस बी नव्याण्णवातलीच!"