फरशीखालची मदबसा

"हे गटार बुजवून टाका," गॉर्डन म्हणाला.

कतारमधल्या अल खोर गावातल्या एका जुन्या घराच्या अंधाऱ्या खोलीत आम्ही उभे होतो. तो प्रोजेक्ट मॅनेजर, मी कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्ट. म्हणजे जुनी इमारत दुरुस्त करायची, पण नवी करून टाकायची नाही. हा फरक गॉर्डनच्या डोक्यात शेवटपर्यंत शिरला नाही.

ते गटार नव्हतं. जमिनीवर चुन्याच्या गिलाव्यात ओळीने चर होते, कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे उतरत गेलेले. याला मदबसा म्हणतात. चरांवर खजुराच्या गोण्या एकावर एक रचायच्या. वजनाने आणि उष्म्याने पाक सुटतो आणि चरांतून वाहत खड्ड्यातल्या रांजणात जमतो.

मी हे समजावलं. पण त्याला तिथे कॉफी शॉप हवं होतं. बायकांच्या टाचा चरांत अडकतील म्हणे. याच माणसाच्या केबिनमध्ये फोटो होता: युरोपातल्या कुठल्याशा खेड्यात, वाइनसाठी द्राक्षं तुडवायच्या दगडी कुंडाशेजारी साहेब हसत उभे. हेही तेच, फक्त खजुराचं, असं मी म्हटलं.

"ती हिस्टरी आहे," तो म्हणाला. "हे ड्रेनेज."

ड्रॉइंगवर काँक्रीट आलं. चुन्यावर काँक्रीट बसलं की काढताना चुनाही उखडतो. मग खलास.

आमचे फोरमन शौकतभाई श्रीवर्धनचे. काँक्रीट नको, असं मी त्यांना सांगितलं. चरांवर जाड कापड अंथरायचं, वर चाळलेली वाळू, तिच्यावर सुटी फरशी.

"मॅडम, साहेबांनी बघितलं तर?"

"साहेब वरूनच बघतात."

तसंच झालं. गॉर्डनने फरशीवर बूट आपटला, लेव्हल पाहिली आणि गुड जॉब म्हणून निघून गेला.

उद्घाटनाच्या आधी घराचे म्हातारे कतारी मालक आले. खोलीच्या दारातच थांबले. आपल्या आईची मदबसा कुठे आहे, असं त्यांनी दुभाष्यातर्फे विचारलं. गॉर्डनचा चेहरा पांढरा पडला. त्याच्या मते खाली काँक्रीट होतं.

"खाली आहे, शाबूत आहे," मी म्हटलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही फरशी, वाळू, कापड सगळं काढलं. मालक उकिडवे बसले आणि एका चरातून सावकाश बोट फिरवत राहिले.

कॉफी शॉप अंगणात गेलं. उद्घाटनाला गॉर्डनने भाषण केलं: मदबसा सुरक्षित राहावी म्हणून 'आम्ही' ती मुद्दाम झाकून ठेवली होती. टाळ्या पडल्या. शौकतभाईंनीही वाजवल्या, माझ्याकडे बघत.

वास्तू जपायची तर ऊन, खारा वारा आणि ओल यांचा अभ्यास लागतो, असं कॉलेजात शिकवतात. साहेबांपासून कशी जपायची, हे साइटवरच शिकावं लागतं.