दादासाहेबांचं उत्तर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी फारसं काही लपवलं नव्हतं. कितीदा तरी सांगायला म्हणून बसलो आणि भलतंच काही बोलून उठलो. आजही तसंच होईल का? होऊ नये म्हणून कागद पुढे घेतला आहे. कागद मध्येच चहा विचारत नाही.

मी जन्मभर रोग्यांची सेवा केली. लोकांच्या घरी राहून, पगार घेऊन. आमचं घराणं फौजेतलं. पणजोबा दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले ते भाला घेऊन, आणि मी हातात घेतलं रोग्याचं भांडं — असं माझा थोरला भाऊ चारचौघांत म्हणायचा. मला त्याचं काही वाटत नसे. ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या एका दवाखान्यात मी ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची. आम्हाला शिकवणारे एक वयस्क मुसलमान ड्रेसर होते, त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. त्यांनी दोन गोष्टी घोटून घेतल्या होत्या. कुठल्याही रोग्याकडे गेलं की, “पहले पीठ देखो. मुँह तो सब देखते हैं.” आणि दुसरी — “मरीज़ की बात मरीज़ की, तेरी बात तेरी. दोनों को मिलाना मत.” दवाखान्यात चार डोळे असतात, घरात तुझे दोनच, म्हणून घरात जास्त जपायचं, असं ते सांगत.

म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

गोष्ट संस्थान असतानाची, दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडी आधीची. शिंदे की छावणी या मोहल्ल्यात दादासाहेब म्हणून एक निवृत्त अधिकारी राहत. दरबाराच्या महसूल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यांच्या मुलानं, माधवरावांनी, मला दवाखान्यातून मागून घेतलं. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो.

दादासाहेबांच्या तोंडून एकच आवाज निघे — ब, ब, ब. डावा हात हले, पण तोही सतत थरथरायचा. घरच्यांना त्यातून काही कळत नसे. माधवराव विचारत, “दादा, पाणी हवं का? उशी नीट करू का?” आणि उत्तर यायच्या आत तिसरा प्रश्न विचारत, मग डोळे पुसत खाली जात. मला लवकरच ध्यानात आलं की दादासाहेब उत्तर देतात, फक्त उशिरा देतात. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. शंभर मोजून होतील एवढा वेळ. मग तो हात एकतर आपल्याकडे येई, नाहीतर दूर लोटल्यासारखा होई. आला तर हो, लोटला तर नाही. माझी सगळी हुशारी एवढीच — थांबण्याची. पण घरात माझा भाव केवढा वाढला! दादासाहेबांना काय वाटतं हे सगळे मला विचारू लागले. श्राद्धाला भटजी कोण बोलवायचे, नातीचं स्थळ पसंत आहे का, इथपर्यंत. मी वर जायचो, विचारायचो, थांबायचो, खाली येऊन सांगायचो. वर्षभर मी ते इमानानं केलं. हे खरं आहे, म्हणून लिहितो. माझ्या बाजूनं म्हणून नाही.

मग श्रावण आला. लष्कर या शहराच्या भागातली मराठी मंडळी गणपतीत नाटक करायची, आणि त्या वर्षी मला त्यात घेतलं. काम लहान — दुसऱ्या सरदाराचं, अकरा वाक्यं. तालमी दुपारी पडाव नावाच्या वस्तीजवळच्या एका हॉटेलच्या माडीवर होत. दादासाहेब जेवून झोपले की मी निघायचो. तासाभरात येतो म्हणून जायचो आणि तीन-तीन तास बसायचो. गेलो की मंडळी ओरडायची, “या नर्सबाई, म्हाताऱ्यानं छुट्टी दिली का?” मलाही हसू यायचं. तिथं मी कुणाचं भांडं उचलणारा नव्हतो, सरदार होतो. कुणाला आवडणार नाही?

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर हाडं टेकतात तिथली कातडी मरते. श्रावणातली ग्वाल्हेरची ती चिकट गरमी, खाली कापसाची गादी, त्यात दुपारी तीन-तीन तास माणूस ओल्यावर पडून. पंधरा-वीस दिवसांत माकडहाडावर लाल चट्टा आला. मग फोड आला. मग फुटला. रुपयाएवढी जखम झाली, आणि खोल. मी रोज धुवायचो, झिंकचं मलम लावायचो, गॉज ठेवायचो — आणि दुपारी तालमीला जायचो.

कुणाला कसं कळलं नाही, असं तुम्ही विचाराल. घरात सोवळं कडक होतं. मी मराठा, त्यात दिवसभर मलमूत्रात हात. माधवरावांच्या पत्नी, वहिनीसाहेब, ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून परत जात. माधवराव सकाळी अंघोळीआधी आणि संध्याकाळी कचेरीतून आल्यावर उशाशी बसत; चादर गळ्यापर्यंत ओढलेली असे. डॉक्टर पंधरवड्यानं येत, नाडी बघत, जीभ बघत. पाठ माझ्याखेरीज कुणी पाहतच नव्हतं. आणि दादासाहेब सांगणार कुणाला? सांगणार तर माझ्याच तोंडून.

आता इंदूताईंबद्दल लिहायला हवं. दादासाहेबांची धाकटी मुलगी. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा झाली, माहेरी आली, आणि एक दिवस म्हणाली की झाशीला जनाना दवाखान्यात नर्सिंग शिकायला जाते. ब्राह्मणाची विधवा मुलगी परक्यांचं रक्त-पू काढणार! दादासाहेब म्हणाले, गेलीस तर या घराची पायरी चढायची नाही. ती गेली. चार वर्षं बापलेकीत पत्र नाही. हे मला वहिनीसाहेबांनीच सांगितलं होतं.

त्या इंदूताई गणपतीच्या आठ दिवस आधी आल्या. सकाळच्या गाडीनं, हातात एक चामडी बॅग. मी जिन्यातूनच पाहिलं. ओसरीवर उभ्या होत्या, बसल्या नव्हत्या. माधवराव गोंधळून गेले. त्यांना बहिणीला वर न्यायचं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण वडिलांचा शब्द मोडायची त्यांना सवय नव्हती. इंदूताईंनीच त्यांना सोडवलं. म्हणाल्या, “आधी दादांना विचारा. त्यांची इच्छा नसेल तर मी जिना चढणार नाही. आजारी माणसावर आपण लादायचं नसतं, हेच तर शिकतेय तिथं.”

माधवराव माझ्याकडे वळले. “गणपतराव, तुम्ही विचारून या.”

मी वर गेलो. दाराला कडी नव्हती, पण ओढून घेतलं. दादासाहेबांना म्हणालो, “इंदूताई आल्यात झाशीहून. खाली उभ्या आहेत. भेटायचं का?”

थांबावं लागलं नाही. पहिल्यांदाच. हात लगेच आला, माझी बाही धरली आणि दाराच्या दिशेनं ओढू लागला. ब, ब, ब. डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं. मी ते पुसलं.

यात समजायला काही अवघड होतं का? नाही. लहान पोरालाही समजलं असतं.

मी मात्र चादरीकडे बघत होतो. ही नर्स आहे. आल्याबरोबर कूस वळवेल. पहिल्या मिनिटात पाठ बघेल. मग दवाखान्यात कळेल, उस्तादांना कळेल, आणि गणपतीत — हो, हेही मनात आलं होतं — नाटकात काम करता येणार नाही.

मी बाही सोडवली आणि खाली आलो. म्हणालो, “नाही म्हणतात.”

माधवरावांनी मान खाली घातली. इंदूताईंनी विचारलं, “कसं म्हणाले?” मी हात लोटून दाखवला. त्या बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिल्या. मग विचारलं, “कूस किती वेळानं बदलता?”

“दोन तासांनी.”

“पाठ बघता ना रोज?”

“बघतो.” हे तेवढं खरं होतं.

त्यांनी बॅग उघडली आणि हवा भरायची एक रबरी गोल गादी काढून माझ्या हातात दिली. कमरेखाली ठेवली की हाड टेकत नाही. झाशीहून खास आणली होती. म्हणाल्या, “मी आणली असं नका सांगू. नकोच म्हणायचे.” आणि पाणीसुद्धा न घेता दुपारच्या गाडीनं गेल्या.

मी वर आलो तर दादासाहेब दाराकडे बघत होते. मी म्हणालो, ताईंना गाडीची घाई होती, पुन्हा येणार आहेत. रबरी गादी त्याच दिवशी वापरायला घेतली. तिनं फार आराम पडला. दसऱ्यापर्यंत जखम भरून आली. ती कुणी आणली हे मी त्यांना सांगितलं नाही. ताईंनी सांगू नका म्हटलं होतं ना!

पुढचे आठ-दहा दिवस ते रोज विचारत. बाही धरायची, दाराकडे ओढायची. आणि मी — ज्याला या घरात सगळे त्यांचं तोंड म्हणायचे तो मी — “काय म्हणता दादासाहेब? पाणी हवं? खिडकी लावू?” असं म्हणत राहिलो. न कळल्याचं सोंग केलं. ते माझ्या तोंडाकडे बघत. त्यांना सगळं कळत होतं, बुद्धी शाबूत होती. मग त्यांनी विचारणं सोडलं. तेच नाही, दुसरं काहीही विचारणं सोडलं. पाण्याला हो नाही, नाही नाही. हात अंगाशी ठेवून पडून राहायचे. माधवराव म्हणाले, आताशा दादा थकलेत.

जखम भरल्यावर तरी मला बोलता येत नव्हतं का? येत होतं. “आता हो म्हणतात” — एवढंच सांगायचं होतं, माधवरावांनी त्याच दिवशी तार केली असती. पण ताई आल्या असत्या, खाटेशी बसल्या असत्या, एक प्रश्न विचारून थांबल्या असत्या. त्यांना थांबता आलं असतं. मग मागचं उत्तरही निघालं असतं. म्हणून मी गप्प राहिलो. नाटक छान झालं. अकरापैकी एकही वाक्य चुकलो नाही.

दिवाळीनंतर दुसरा झटका आला आणि दादासाहेब गेले. इंदूताई तेराव्याला आल्या. मला बाजूला घेऊन विचारलं, शेवटी काही म्हणाले का? मी म्हणालो, शांतपणे गेले.

त्यानंतर माधवराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले की दादांनी मरेपर्यंत शब्द फिरवला नाही. वाचा गेली पण पीळ गेला नाही. “विचारा ना यांना, हेच होते तिथं.” मी मान हलवायचो. त्यांनी मला चांगली शिफारस दिली, आणि तिच्या जोरावर मला लष्करातल्या मोठमोठ्या घरांत कामं मिळत गेली.

एकदा मी झाशीला गेलो. चार-पाच वर्षांनी, सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. इंदूताई तेव्हा एका वॉर्डाच्या मुख्य होत्या. मला ओळखलं, व्हरांड्यात स्टूल दिलं, चहा मागवला. मी सुरुवात करायच्या आतच त्या म्हणाल्या, “बरं झालं आलात. कुणाला तरी सांगायचंच होतं. पहिली दोन वर्षं मला दादांचा फार राग होता. इथं रोज माणसं मरताना बघते. शेवटच्या घटकेला वैरीसुद्धा हाक मारतात हो, आणि माझा बाप…” मग म्हणाल्या, “पण आता नाही. मी त्यांना माफ केलं.”

तेव्हा सांगायला हवं होतं. तीच वेळ होती. आतून कुणीतरी त्यांना हाक मारली, त्या आलेच म्हणून उठल्या. मी चहा संपवला आणि त्या परत यायच्या आत स्टेशनवर गेलो.

इंदूताई वारल्या. माधवरावही गेले. गेल्या महिन्यात त्यांच्या नातवाच्या घरी सत्यनारायण होता, मला बोलावलं होतं. तिथं तो नातू आपल्या मुलांना खापरपणजोबांची गोष्ट सांगत होता — कसे करारी होते, पोटच्या पोरीला दारातून परत पाठवलं. मुलं घाबरून ऐकत होती. नातू माझ्याकडे वळून म्हणाला, “काका होते ना तिथं, यांना पूछा.”

त्या मुलांसाठी हे लिहितो आहे. तुमच्या खापरपणजोबांनी मुलीला परत पाठवलं नाही. ती आल्याचं कळताच ते रडले, आणि त्यांना तिला भेटायचं होतं. तिला परत पाठवलं ते मी.