खालून रेघ, मधून रेघ

यशवंतराव गेले त्याच्या नऊ दिवस आधी मी त्यांना भेटायला हॉस्पिटलमध्ये गेलो होतो. उशीला टेकून बसले होते, चष्मा नाकावर घसरलेला आणि हातात हॉस्पिटलने सुचवलेल्या तपासण्यांची दोन पानी यादी. मला बघून त्यांनी ती माझ्यापुढे धरली, उशीखालची पेन्सिल काढली आणि म्हणाले, "घ्या शेठ. आज तुम्ही रेघा मारा. बघू, कुठून मारता." शेजारी बसलेली त्यांची मुलगी सुजाता हसली. तिला तो विनोद वाटला. मला कळलं होतं की तो विनोद नव्हता... तरी मीही हसलो, यादीची घडी घालून तिच्याकडे दिली, डॉक्टरांना ठरवू दे असं काहीतरी पुटपुटलो आणि पेन्सिल तशीच खिशात घालून घरी आलो. बोलण्याची ती शेवटची संधी होती. आता सहा आठवड्यांनी, ऐकायला ते नसताना, मला बोलणं सुचतंय.

माझं शनिवार पेठेत कागदाचं दुकान होतं. आधी वह्या, रजिस्टरं. मग कॉम्प्युटर आले तसा दोन्ही कडांना भोकं असलेला, प्रिंटरला लागणारा सलग कागद. नव्वदीनंतर शहराभोवती कंपन्या उगवू लागल्या आणि मी पिकअप घेतली. औंध, हडपसर, पुढे हिंजवडी... कागदाच्या थप्प्या वाहत ती गाडी दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेली. सर्व्हिसिंगला डीलरच्या वर्कशॉपमध्ये नेली की काचेच्या टेबलामागचे टायवाले गृहस्थ प्रिंटरमधून एक यादी फाडून द्यायचे. इंजिन फ्लशिंग, इंजेक्टर सफाई, गाडीच्या पोटाला काळा लेप, कूलंट, गिअरबॉक्सचं ऑइल, आणखी काय काय. सगळ्यांपुढे एकच शब्द, 'रेकमेंडेड'. यातलं खरंच काय लागतं, असं विचारलं की ते मान तिरकी करून म्हणत, "सगळंच चांगलं आहे, काका. शेवटी गाडी तुमची आहे." या वाक्याने माझं डोकं इतक्या वेळा फिरलंय की आजही आठवलं तरी हात शिवशिवतात. अकरा कामांतली सात उगाच असायची आणि चार खरी. पण कुठली सात, हे सांगायची त्या टेबलामागे कोणालाच गरज नव्हती.

ते सांगायचे यशवंतराव. सरकारी वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं वाहन तपासनीस होते, नोकरी सोडून विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याला गॅरेज टाकलं होतं. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतः तपासून बघायचं, हा त्या घराचा धडा. यशवंतरावांनी तो गाडीच्या बोनेटखालीही लावला. डीलरची यादी एका हातात, दुसऱ्या हातात टॉर्च. ऑइलची काडी ओढून बघायचे, बोटाला लावून वास घ्यायचे, ड्रायव्हरला दोन प्रश्न विचारायचे आणि मग निळी जाड पेन्सिल. सरकारी तपासणीतली सवय त्यांनी तशीच ठेवली होती. कामाच्या खालून रेघ म्हणजे करा. मधून रेघ म्हणजे नको. बाकी एक अक्षर लिहायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, शब्द लिहीत जा की. तर म्हणाले, "रेघ वाचता येत नाही त्याने गाडी ठेवू नये." आजूबाजूचे टेम्पोवाले, दूधवाले डीलरच्या याद्या घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. रेघवाले यशवंतराव म्हणूनच लोक त्यांना ओळखत.

मला मात्र हळूहळू फक्त मधल्या रेघा दिसू लागल्या. यादी हातात आली की काय काय कापलं गेलंय हे मी आधी बघायचो आणि खूश व्हायचो. ज्या यादीबद्दल हे लिहितोय, तिच्यात सातवं काम होतं ब्रेक ऑइल बदलणे. प्रिंटरच्या ओळी जवळजवळ, पेन्सिल जाड, आणि त्या कामाखालची रेघ शेवटी जराशी वर चढून अखेरच्या अक्षरांना भिडली होती. मी ती पाहिली. विचारावं म्हणून फोनकडे हातही नेला. पण दुसऱ्या दिवशी हिंजवडीच्या एका नव्या कंपनीला पहिला माल द्यायचा होता. यशवंतराव 'करा' म्हणाले असते तर गाडी आणखी एक दिवस अडकली असती. मी फोन केला नाही. रेघ मधून आहे असं मी ठरवलं.

पंधरा दिवसांनी सोपान, आमचा ड्रायव्हर, सासवडहून माल भरून दिवे घाट उतरत होता. ब्रेक ऑइल जुनं झालं की पाणी धरतं, उतारावर तापून उकळतं आणि पेडल नुसतं खाली जातं, हे यशवंतरावांनीच मला कधीतरी समजावलं होतं. तसंच झालं. सोपानने शहाणपणाने गाडी डोंगराच्या बाजूला घातली. त्याचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला. त्याला भेटायला आलेल्या चार ड्रायव्हरांसमोर, कोणी काही विचारायच्या आत, मी म्हणालो, "यशवंतरावांनीच ब्रेक ऑइल नको म्हणून सांगितलं होतं."

हे कानावर गेल्यावर यशवंतराव त्याच संध्याकाळी दुकानात आले. यादी दाखवा म्हणाले. काउंटरवर ठेवून त्यांनी ती बराच वेळ बघितली.

"ही खालून आहे."

"मला मधून वाटते."

"वाटते की दिसते?"

त्यांनी यादी माझ्याकडे सरकवली. "ठेवा नीट," म्हणाले आणि गेले. ओरडले नाहीत, भांडले नाहीत. या गोष्टीचा मला कित्येक वर्षं राग येत राहिला. चार लोकांत माझी गचांडी धरली असती तर मी तिथेच कबूल केलं असतं, असं मी स्वतःला सांगायचो. म्हणजे माझा खोटेपणा उघडा पाडायचं कामही त्यांनीच करायचं!

सोपान बरा झाला, थोडा लंगडत राहिला. विश्रांतवाडीत मात्र बोलणं पसरलं. रेघेने घाटात घातलं, असं टेम्पोवाले हसत म्हणायचे. निम्मे लोक यायचे बंद झाले. गुपचूप डीलरची पूर्ण यादी करून घेऊ लागले. यशवंतरावांनी रेघा सोडल्या. पुढची सगळी वर्षं प्रत्येक कामापुढे ते पूर्ण शब्दात 'करा' किंवा 'नको' लिहीत आणि खाली सही करत. माझ्याही यादीवर. मी गाडी त्यांच्याकडेच नेत राहिलो, चहा पीत राहिलो... आणि प्रत्येक वेळी ती सही बघत राहिलो.

परवा ती जुनी यादी घेऊन मी सुजाताकडे गेलो. कागद पिवळा पडलाय, पेन्सिलीची रेघ तशीच आहे. सगळं सांगितलं. तिने उजेडात धरून बघितलं. "रेघ खालूनच आहे की," म्हणाली. मी हो म्हटलं. "बाबा सही करताना दर वेळी पेन्सिलीला टोक काढायचे. आम्ही त्यांना हसायचो." मग तिने यादी परत दिली. "मला दाखवून काय उपयोग, काका? ज्यांच्यासमोर बोललात त्यांना दाखवा." सोपान सोडला तर त्यांतलं कोणी कुठे आहे, मला ठाऊक नाही. सोपानला दाखवली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

यशवंतरावांची ती पेन्सिल माझ्या टेबलावर आहे. पाठवण्याआधी हा मजकूर तिनेच तपासला. घाई होती, ओळी जवळजवळ होत्या, पेन्सिल जाड होती, अशी माझ्या बाजूची बरीच वाक्यं सापडली. त्यांवर मधून रेघ मारली आहे. 'यशवंतरावांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगितलं होतं', एवढं एकच वाक्य मी शेवटी नव्याने लिहिलं आहे आणि त्याला खालून रेघ मारली आहे. संपादकांनी बाकी काहीही कापावं. ही रेघ मात्र छापताना अक्षरांपासून जरा लांब ठेवावी.