कमानीखालची कोर

चंपतरावाला खुर्ची दिली की तो खुर्चीवरही उकिडवाच बसायचा. दोन्ही पाय वर, गुडघे छातीशी, हात गुडघ्यांवर. गोपाळरावांच्या घरची मंडळी हसायची. मला हसू यायचं नाही. ज्या माणसानं उभं आयुष्य लोकांच्या घरी जमिनीवर बसून काढलं, त्याचे पाय खुर्ची दिसताच साहेबासारखे खाली लोंबावेत, ही अपेक्षाच मूर्खपणाची. पण मूर्खपणाचा स्वतःचा बंगला असला की रामदासपेठेत त्याला कुणी मूर्खपणा म्हणत नसे.

मी त्याच बंगल्यात वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे, आणि माझ्या जिभेबद्दल शाळेचं आणि बंगल्याचं एकमत होतं. बंगला गोपाळरावांच्या वडिलांनी इंग्रजांच्या काळात बांधलेला. खाली मोठा हॉल, त्याला लागून जेवणघर, आणि दोन्हींच्या मध्ये दार नाही, नुसती रुंद कमान. मकराण्याचा पांढरा संगमरवर हॉलमधून निघून कमानीखालून थेट जेवणघरात गेलेला. मध्ये उंबरठासुद्धा नव्हता. पाहुणे आले की गोपाळराव हे मुद्दाम दाखवायचे, जणू दगड त्यांनीच घडवला होता.

जुन्या घरांतली मळलेली, ओरखडलेली फरशी घासून पुन्हा नवी करायची, हा चंपतरावाचा धंदा. तो सावनेरकडचा. तरुणपणी नागपुरात आला, एका उस्तादाच्या हाताखाली शिकला आणि मग त्यातच राहिला. घासायच्या दगडाला तो बट्टी म्हणायचा. आधी खरखरीत बट्टी, मग बारीक, मग त्याहून बारीक, सगळं पाणी टाकत टाकत. शेवटी पांढरी पावडर टाकून ओल्या गोणपाटानं घोटायचं. त्याची बायको मनकर्णा बरोबर असायची. ती पाणी टाकायची, दगडाचा पांढरा राबडा फडक्यानं ओढून बादलीत पिळायची. दोघं भिंतीपासून सुरुवात करत आणि दाराच्या दिशेनं उलटे सरकत येत, म्हणजे घासलेल्यावर पाय पडत नाही. "आमच्या धंद्यात पुढं जाताच येत नाही, बाई," तो मला एकदा म्हणाला होता. "मांगं मांगंच सरका लागते."

सत्तर साली त्याचे गुडघे गेले. सकाळी उठून उभं राहायला भिंत लागायची. रामदासपेठेतल्याच एका डॉक्टरनं त्याला सरळ सांगितलं की हे उकिडवं काम सोडा, नाहीतर एक दिवस बसाल ते उठणार नाही. सांगणं सोपं होतं. सोडून करायचं काय, ते डॉक्टरनं सांगितलं नाही.

नेमकं त्याच साली, उन्हाळा संपल्यावर, गोपाळरावांच्या हॉलमधला कूलर हलवला गेला. खिडकीशी लोखंडी स्टँडवर तो कूलर वर्षानुवर्षं उभा होता. त्याची टाकी झिरपायची, स्टँड गंजायचा आणि तो गंज दगडात मुरायचा. कूलर सरकवला तेव्हा खाली हा मोठा तांबडा डाग. गोपाळरावांची सावनेर रोडवर जिनिंग होती आणि दिवाळीला कापसाचे व्यापारी घरी यायचे. त्यांनी चंपतरावाला बोलावलं.

त्या जिनिंगच्या गेटवरचा म्हातारा चौकीदार त्याच दसऱ्याला गावी परत जाणार होता. चंपतरावाला ते ठाऊक होतं. हॉलच्या दारात उभं राहून, हातातली टोपी चुरगाळत त्यानं विचारलं, "मालक, गेटवरची ती जागा मले देता का जी?"

गोपाळराव वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त स्वतःची सोय आधी दिसायची. ते म्हणाले, "हॉल करून दे मस्तपैकी. कापसाच्या गाड्या सुरू व्हायच्या आत काम संपव, जागा तुझी."

गेटवर एक स्टूल होतं. चंपतराव त्या स्टुलाबद्दल असा बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरीचं स्थळ आलंय. उंच हाय, पाय लोंबकळते, पाठीमागं भिंत हाय टेकाले, वर कडुलिंबाची सावली. मनकर्णानं तर सिताबर्डीवरून खाकी कापड आणून त्याच्यासाठी शर्टपँट शिवून घेतली. धुवून, घडी करून ती पेटीत ठेवली. शेजारणींना सांगूनही झालं.

आणि इथंच चंपतरावाकडून चूक झाली.

त्याच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात की डागावर बट्टी थांबवायची नाही. डाग दिसला तरी हात लांब फिरवायचा, सगळी फरशी सारखी खाली आणायची, डाग त्यात आपोआप जातो. एकाच जागी रगडलं की तिथं खळगा पडतो, आणि दगडातला खळगा भरता येत नाही. तो काढायचा एकच उपाय, भोवतालचा सगळा दगड त्याच्याइतका खाली आणायचा. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याला घाई झाली होती. डोळ्यासमोर स्टूल होतं. तो डागावरच बसला आणि रगडत राहिला. मनकर्णा म्हणालीसुद्धा, "हात फिरवा नं जी, एकाच जागी काहून बसले?" त्यानं ऐकलं नाही.

डाग गेला. फरशी घोटून झाली. गोपाळराव बघायला आले तेव्हा उन्हं कलली होती आणि खिडकीच्या लोखंडी गजांचं प्रतिबिंब फरशीवर पडलं होतं. सगळीकडे गज सरळ. जिथं डाग होता तिथं मात्र ते वाकलेले.

"हे काय? गज वाकडे दिसतात," गोपाळराव म्हणाले.

चंपतरावानं मान खाली घातली. "खळगा पडला, मालक."

"मग सरळ कर. अजून गाड्या सुरू व्हायच्या आहेत."

झालं. तिथून चंपतराव जो अडकला तो अडकलाच. खळग्याच्या भोवतीचं खाली आणलं, तर खळगा पसरट झाला. मग त्याच्या भोवतीचं. पाणी ओतून तो गाल फरशीला लावून बघायचा. पाणी कुठं थांबतं, कुठं वाहतं. थांबलं की पुन्हा खरखरीत बट्टी, पुन्हा सुरुवात. हॉलमध्ये काम चालू असल्यामुळे मला मागच्या गोल लोखंडी जिन्यानं चढावं लागायचं, आणि माझा राग रोज त्या जिन्याबरोबर वर चढायचा. एकदा मी त्याला म्हटलं, "अहो चंपतराव, आता कुणाला दिसतंय ते? सोडा."

"दिसत नाही, बाई. पण पाण्याले समजते."

"पाणी काय गोपाळरावांकडे चुगली करणार आहे?"

तो हसला, पण उठला नाही. त्याला उठताच येत नव्हतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मनकर्णा काखेत हात घालून त्याला उठवायची. एवढा मोठा हॉल, एवढ्या खिडक्या, आणि हा माणूस त्यात एका वेळी हातभर दगडावर कोंडलेला. बरं, कोंडणारं कुणी नाही. दार सताड उघडं.

दसरा गेला. जिनिंगच्या आवारात कापसाच्या बैलगाड्या आता लागणारच होत्या. अशा एका संध्याकाळी गज सरळ आले. चंपतरावानं आम्हा सगळ्यांना बोलावलं. खरं सांगते, मी आयुष्यात तशी फरशी पाहिली नाही. खिडकी, तिच्यातला गुलमोहर, आभाळ, सगळं खाली तसंच्या तसं, आणि गज एका रेषेत. गोपाळरावांनी बूट न काढताच तिच्यावरून एक चक्कर मारली आणि खूश होऊन म्हणाले, "शाब्बास! सोमवारपासून गेटवर ये."

मनकर्णाच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. ती घाईनं सामान आवरायला लागली. जणू थोडा उशीर झाला तर मालकाचं मन बदलेल. चंपतरावही बादली उचलून निघाला. पाणी फेकायला मागच्या अंगणात जायचं तर वाट जेवणघरातून होती. तो अनवाणी हॉलमधून कमानीखाली आला आणि थबकला. एक पाऊल मागे घेतलं. पुन्हा पुढे टाकलं. अंगठा दगडावरून हळूच सरकवला.

मी कमानीलाच टेकून उभी होते. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला कळलं. सगळा हॉल खाली आला होता. जेवणघर तिथंच होतं. जिथं दगड एकसलग जायचा, तिथं आता पायरीसारखी कोर आली होती. केसाएवढी असेल. मी चप्पल काढून पाय फिरवला, मला काही लागलं नाही.

"गप्प बसा," मी हळू आवाजात म्हटलं. "चंपतराव, हात जोडते, गप्प बसा आणि घरी जा."

तो गप्प बसला. त्या दिवशी तो खरंच काही बोलला नाही. बादली रिकामी केली, मनकर्णाबरोबर निघून गेला. मला इतका आनंद झाला की मी रात्री शेवयांची खीर केली आणि एकटीनं खाल्ली.

सोमवारी तो खाकी घालून गेटवर बसला. पाहून आलेल्यांनी सांगितलं की स्टुलावरही उकिडवाच बसतो, गाडीवाले हसतात. पण बसला होता. मला वाटलं, आता पाय शिकतील हळूहळू.

दिवाळी तोंडावर आली. शाळेला सुट्टी लागली होती. सकाळी मी खाली आले तर हॉलमध्ये कमानीपाशी चंपतराव बसलेला. अंगात जुनी बनियन, गुडघ्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधलेले, समोर बट्टीची पेटी. गोपाळराव चहाचा कप हातात घेऊन कमानीखाली उभे होते आणि बुटानं फरशी चाचपत होते.

"मला तर काही लागत नाही रे," ते म्हणाले.

"बुटाले नाही लागत, मालक. पोरं अनवाणी फिरतीन, त्यायले लागन. जेवणघर खाली आणा लागते."

"आणि गेट?"

चंपतराव गुडघ्यावरची ट्यूब घट्ट करू लागला. गोपाळरावांनी चहाचा घोट घेतला, फरशीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. सोय त्यांना लगेच दिसली. "बरं, कर तर मग. गेटवर नत्थूला बसवतो तोवर."

नत्थू म्हणजे त्यांचा गडी, धडधाकट, दोन्ही पाय जागेवर. एकदा बसला की तो उठणार नव्हता, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. मी चंपतरावावर ओरडले. मालकासमोर, चहाच्या वेळी, घसा फाटेपर्यंत. काय ओरडले ते आठवत नाही. त्याचं उत्तर आठवतं.

"रागावू नका, बाई. तिथं स्टुलावर बसलो तरी माह्या पायाचा अंगठा हलूनच राहायचा. तीच कोर शोधून राहायचा."

मग मनकर्णा आली. तिला कुणी कळवलं कोण जाणे. डोक्यावरचा पदर मागे पडलेला, हातात ती खाकी, घडी विसकटलेली. गड्डीगोदामातल्या त्यांच्या चाळीपासून पायी आली होती. हॉलच्या दारातूनच ती कडाडली, "उठा! उठा म्हणते नं मी! काहून आले इथं? मी चाळीत कोणाकोणाले काय सांगू? पाय गेले, आता काय जीव द्याचा हाय या फरशीपायी?"

चंपतराव बसल्या जागी तिच्याकडे बघत राहिला. "कोर राहिली वं."

"कोणाले दिसते ती कोर? मालकाले दिसत नाही, बाईले दिसत नाही. तुमच्या डोक्यात हाय ती. चाला घरी!"

मला वाटलं, आता ही बाई त्याला ओढून नेईल आणि मी तिला मदत करीन. ती तरातरा हॉल ओलांडून आली, त्याच्या दंडाला धरायला कमानीपाशी वाकली, आणि तिचा अनवाणी पाय हॉलमधून जेवणघरात पडला.

ती तशीच थांबली. पाय मागे घेतला, पुन्हा टाकला. तिनंही त्याच्याइतकीच वर्षं फरशीवर पाणी टाकण्यात आणि राबडा पिळण्यात घालवली होती. तिच्या टाचेला भेगा होत्या, पण अंगठा त्याच्यासारखाच होता. मी मनातल्या मनात म्हणत होते, नाही म्हण बाई, एकदाच खोटं बोल, नाही लागत म्हण.

"लागते जी," मनकर्णा म्हणाली.

तिनं खाकीची पुन्हा नीट घडी केली आणि ती कोरड्या खिडकीत ठेवली. पदर खोचला, बादली उचलली आणि नळावर गेली. गोपाळराव कप ठेवून आत निघून गेले. पाणी आलं, चंपतरावानं खरखरीत बट्टी काढली आणि जेवणघराच्या पलीकडच्या भिंतीपाशी जाऊन बसला. तिथून तो पुन्हा मागे मागे सरकू लागला.

जेवणघराच्या पलीकडे देवघर होतं, आणि तिथंही उंबरठा नव्हता.