ओळंब्याचा कान

साइटवर त्याला सगळे ओळंबा म्हणतात, कारण त्याने उभी केलेली भिंत सुतभरही कलत नाही. एकवीस वर्षं तो इमारतींच्या आतल्या भिंती उभारतोय. जमिनीला आणि छताला पत्र्याची पट्टी अँकरने, म्हणजे भोक पाडून त्यात बसवलेल्या बोल्टने, आवळायची, मधे उभे चॅनल, त्यावर बोर्ड. अँकर आवळला की हातोडीचा एक टोला. पक्का असेल तर टणकन वाजतो, ढिला असेल तर बद्द. भोकातली भुकटी नीट फुंकली गेली नाही तर तो ढिला राहतो; नुसतं बघून कळत नाही.

तिसऱ्या मजल्यावर दवाखाना होणार होता. त्या सकाळी त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या मेहुण्याने दाराजवळच्या अँकरवर सहज टोला मारला.

"दाजी, हा बद्द वाजतोय."

"कुठे? चांगला टणटणीत आहे."

"अहो, फुटकं मडकंही याहून बरं वाजेल! कान काय घरी विसरलात?"

ओळंबा हसला नाही. दोन वर्षांपासून बायकोला त्याला तीन-तीनदा हाक मारावी लागते, हे त्याने साइटवर कुणाला कळू दिलं नव्हतं. त्याने हातोडी मेहुण्याकडे दिली.

"सगळे वाजव."

मेहुणा टोले मारत पुढे, तो खडू घेऊन मागे. बद्द वाजला म्हणून मेहुण्याने मान हलवली की तो तिथे फुली मारायचा. पाचव्या भिंतीपर्यंत एकोणीस फुल्या झाल्या. याच भिंतींवर रुग्णांनी धरून उठायचे दांडे बसणार होते. अकरा वाजता सुपरवायझर पाहणी करणार, मग बोर्डाखाली सगळं झाकलं जाणार.

"पुसून टाका," मेहुणा म्हणाला. "बहिऱ्याच्या हातात ड्रिल कोण देणार? ताईला मी काय तोंड दाखवू?"

ओळंब्याने ओल्या फडक्याने तीन फुल्या पुसल्या. चौथ्या अँकरशी थांबला. त्यावर तळवा ठेवून बराच वेळ उकिडवा बसला. मग खडू घेऊन तिन्ही फुल्या पुन्हा मारल्या.

सुपरवायझर आला तसा तो उठला.

"साहेब, बोर्ड लावू नका. हे सगळे परत बसवायला लागतील. मला ऐकू येत नाही."

सुपरवायझर काहीतरी बोलला. खालच्या मजल्यावर ड्रिल चालू होतं. ओळंब्याला फक्त हलणारे ओठ दिसले. त्याने मेहुण्याकडे पाहिलं.

मेहुण्याने साहेबांचं ऐकून मान डोलावली. जवळ आला आणि दाजींच्या कमरेचा हत्यारांचा पट्टा सोडू लागला.